रस्ता झाला, आता ओलांडायचा कसा?

आमच्या घरासमोरचा रस्ता अखेर झाला! हे एवढे साधे वाक्य लिहिण्यासाठी आम्हाला कितीतरी वर्षे वाट पाहावी लागली. कधी ड्रेनेजसाठी, कधी पाण्याच्या लाइनसाठी, तर कधी केबलसाठी तो खणला जायचा. पहिल्या पावसात वरवरचे डांबर वाहून जायचे आणि खड्डा किती खोल आहे, हे रिक्षावाल्याच्या तोंडून बाहेर पडणाऱ्या शब्दांवरून कळायचे. यंदा मात्र काँक्रीटचा, मधे दुभाजक असलेला, प्रत्येक बाजूने दोन गाड्या आरामात जातील असा रस्ता झाला. सोसायटीतल्या बायकांनी हौसेने रांगोळी काढली, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. मीही दोन खाल्ले.

या गोष्टीला चार दिवस झाले असतील. आमचे अण्णा एकोणऐंशी वर्षांचे. सकाळी सहाला समोरच्या डेअरीतून दूध आणायचे, मग पलीकडच्या बागेतल्या कट्ट्यावर मित्रांबरोबर अर्धा तास बसायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. त्या दिवशी ते रिकामी पिशवी घेऊन परत आले. ‘‘दूध संपलं होतं,’’ एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. अण्णा रस्त्याच्या कडेला उभे होते. एक पाऊल पुढे टाकायचे, दोन मागे घ्यायचे. मोटारसायकली सूं सूं करत जात होत्या. दहा मिनिटांनी ते वळले आणि पिशवीची घडी घालून परत फिरले. समोर डेअरी उघडी होती. दुधाचे क्रेट मला गॅलरीतूनही दिसत होते.

त्या सकाळी माझ्या मनात एक चमत्कारिक विचार आला – खड्डे होते तेच बरे होते की काय?

विचार चमत्कारिक, पण अगदीच खोटा नव्हे. त्या खड्ड्यांनी आमची हाडे खिळखिळी केली, हे खरेच. पण गाड्यांना ताशी वीस-पंचवीसच्या पुढे जाऊ न देण्याचे कामही तेच करत होते. रस्ता करणाऱ्यांनी खड्डे बुजवले, ते योग्यच केले. पण खड्डे जे काम करीत होते, ते यापुढे कोण करणार, याचा विचार कोणीच केला नव्हता.

थोडा हिशेब मांडून पाहा. आमच्या रस्त्याची एक बाजू साधारण सात मीटरची. ती ओलांडायला अण्णांना नऊ सेकंद तरी लागतात. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्या वेळात दीडशे मीटर कापते. आणि चौकाचे वळण आमच्या दारापासून जेमतेम शंभर मीटरवर! म्हणजे अण्णा पाऊल टाकतात तेव्हा रस्ता खरोखरच मोकळा असतो. जी गाडी त्यांच्या अंगावर येणार, ती तेव्हा वळणाआड असते. ब्रेकचे म्हणाल, तर ताशी ३० च्या वेगात चालकाला माणूस दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत सुमारे १८ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की हे अंतर दुप्पट नव्हे, तर ४५ मीटरच्या आसपास जाते. तेही रस्ता कोरडा आणि चालक सावध असेल तर.

हा केवळ आमच्या गल्लीचा प्रश्न नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली जवळपास पाचवा हिस्सा पायी चालणारी होती. त्याच अहवालात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण म्हणून जे नोंदले आहे, ते अतिवेग.

साहजिकच सोसायट्यांच्या सभेत एकच मागणी झाली – गतिरोधक! शाळकरी मुलांच्या आया त्यात सर्वांत पुढे होत्या. अर्ज गेला. उत्तर येईना. तेव्हा काही उत्साही तरुणांनी उरलेल्या सिमेंट-खडीचा एक उंचवटा रातोरात उभा केला. ना त्यावर पांढरे पट्टे, ना आधी फलक. दुसऱ्याच रात्री अंधारात एक जोडपे स्कूटरवरून त्यावर आदळले. बाईंचे मनगट मोडले. आपण केलेल्या उपायानेच माणूस जखमी झाला, ही टोचणी सर्वांच्या मनाला लागली. उंचवटा तोडला गेला.

वास्तविक गतिरोधक कसा असावा, याचे नियम इंडियन रोड्स काँग्रेसने कधीच घालून दिले आहेत. सुमारे ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटीमीटर उंच, असा पसरट उतार. गाडी ताशी २५ च्या वेगाने आली तर त्यावरून अलगद जाते, त्याहून जोरात आली तर चालकाला जाणीव होते. पदपथाबाबतही तेच. चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला चढता येईल. आमच्या नव्या रस्त्याचा पदपथ गुडघ्याच्या थोडा खाली. आणि त्याच्या मधोमध विजेचा डीपी!

हे आपल्याकडे जमतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचे उदाहरण घ्या. सत्तरच्या दशकात ‘रेकॉन्डो’ कंपनीने तो दहा वर्षांची हमी देऊन बांधला आणि कित्येक पावसाळे तो खड्ड्यांविना टिकला, ही कथा महाराष्ट्रभर सांगितली जाते. त्या कथेचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी सांगत नाही. गेल्या दशकात या रस्त्याचे पदपथ रुंद करण्यात आले, बसायला बाके आली, मुलांसाठी खेळणी आली. म्हणजे जो रस्ता एके काळी टिकाऊपणासाठी नावाजला गेला, तोच पुढे चालणाऱ्यांच्या सोयीसाठी पुन्हा आखला गेला. आपण मात्र अजूनही रस्त्याची परीक्षा पावसाळ्यातच घेतो. ती रोज सकाळी सहा वाजताही घ्यायला हवी.

कायदाही आता गप्प नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यातल्या कलम १९८अ नुसार रस्त्याच्या आखणीत, बांधणीत वा देखभालीत सुरक्षेचे निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंड होतो तो अपघातानंतर. आम्हाला हवे आहेत ते अपघाताआधीचे चार डबे पांढरा रंग.

सगळा दोष कार्यालयांच्या आणि ठेकेदारांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. परवा कामावरून परतताना चौकाच्या वळणावर माझी नजर सहज स्पीडोमीटरवर गेली. काटा ५८ वर होता! घाई कसलीही नव्हती. रस्ता गुळगुळीत होता, एवढेच कारण. गॅलरीतून मी ज्या गाड्यांना शिव्या दिल्या, त्यांतली एक माझी होती.

दुसरा अर्ज आम्ही नियमांतली मापे आणि नकाशा जोडून दिला. शाळेच्या मुख्याध्यापकांची, रिक्षा स्टँडवाल्यांची, डेअरीवाल्याचीही सही घेतली. गेल्या आठवड्यात दुभाजकाच्या फटीसमोर झेब्रा पट्टे मारले गेले. गतिरोधक अजून व्हायचा आहे, पदपथावरचा डीपी जागचा हललेला नाही. पाठपुरावा चालू आहे.

काल सकाळी स्टेशनवर जायला गाडी काढली, तर अण्णा पट्ट्यांपाशी उभे होते. मी गाडी थांबवली. मागच्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. मी हललो नाही. शेजारून येणारी रिक्षाही मग थांबली. अण्णा सावकाश पलीकडे गेले. गाडी कोणाची, हे त्यांनी पाहिलेही नाही. नेहमीच्या सवयीने रिकामी पिशवी जरा वर उचलून त्यांनी आभार मानले आणि डेअरीच्या पायरीवर पाय ठेवला.