जपानचा रेल्वे पास : घ्यावा की नको?

कुटुंबासह जपानला निघालेल्यांना ‘आधी जपान रेल पास घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला आता जुना झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनवरून ५०,००० येन झाला.

हिशेब मांडून पाहा. पती-पत्नी, आठ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. मुलाला निम्मे भाडे. मुलीला वेगळी सीट न घेतल्यास काहीच नाही. तिघांचे पास १,२५,००० येन. टोकियो-क्योटो बुलेट ट्रेनचे एका बाजूचे भाडे सुमारे १४,००० येन. म्हणजे तिघांचे जाऊन-येऊन सुमारे ७०,०००. पुढे हिरोशिमा जोडले तरी एका मोठ्या माणसाचे भाडे ५०,००० च्या आतच राहते.

शिवाय टोकियोच्या मेट्रोत हा पास चालत नाही. टोकियो जामी मशिदीजवळचे योयोगी-उएहारा स्टेशनही खासगी रेल्वे आणि मेट्रोचे आहे. जुम्याच्या नमाजला जायचे तर वेगळे तिकीट काढावे लागते. ‘नोझोमी’ गाडीलाही पासवर जादा पैसे पडतात.

सात दिवसांत याहून लांबचा, सततचा प्रवास असेल तरच पास परवडतो. म्हणून आधी मुक्काम ठरवा, भाड्यांची बेरीज करा आणि मगच पासचा विचार करा.