घरातील रंगफवारा आणि खोलीची हवा



प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करण्याचा छंद आपल्याकडे थोड्यांनाच असतो; पण ज्यांना तो जडतो, त्यांना पुरता जडतो. येथे चेन्नईत त्याला एक स्थानिक निमित्तही आहे. पेरांबूरचा इंटिग्रल कोच कारखाना १९५५ साली सुरू झाला आणि देशभर धावणारे हजारो डबे तेथून बाहेर पडले. त्या डब्यांचा तांबूस आणि पुढे निळा रंग ज्यांनी लहानपणी फलाटावर उभे राहून पाहिला, त्यांतील एखाद्याला प्रौढपणी तोच डबा टेबलावर मांडावासा वाटतो. एकवीस मीटरांहून थोडा लांब असलेला हा डबा सत्त्याऐंशीपट लहान केला की सुमारे साडेचोवीस सेंटिमीटरांचा होतो. त्यावर कुंचल्याने रंग दिला आणि एक दशांश मिलिमीटर उंचीची रेघ उमटली, तर खऱ्या डब्याच्या मापात ती जवळजवळ नऊ मिलिमीटर जाडीची ठरते. दृष्टीला हे खटकते. म्हणून हा छंदिष्ट लौकरच कुंचला सोडून हवेच्या दाबाने रंग उडविणारी लहान पिचकारी किंवा फवाऱ्याचा डबा हाती घेतो. आणि येथूनच त्याच्या घरच्या हवेचा प्रश्न सुरू होतो.

हा प्रश्न केवळ त्याचाच नाही. नवरात्राच्या आधी येथील घराघरांतून कोलूच्या जुन्या बाहुल्या माळ्यावरून खाली उतरतात आणि त्यांच्यावर नवा रंग चढतो; आपल्या तंजावरी मराठी कुटुंबांतही हे चालते. हल्ली त्यासाठीही पुष्कळदा फवाऱ्याचाच डबा आणला जातो.

फवाऱ्यातून जे बाहेर पडते त्याचे दोन भाग आहेत. एक रंगाचे सूक्ष्म कण. त्यांतील मोठे कण जवळच खाली बसतात. अगदी बारीक कण मात्र हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. दुसरा भाग द्रावकाच्या बाष्पाचा. रंग पातळ करण्यासाठी जे वापरावे ते सर्वच्या सर्व शेवटी हवेत जाते, मग रंग प्रतिकृतीवर बसो वा बाजूला उडो. कणांना गाळणी अडवू शकते. बाष्प तिच्यातून सुखेनैव पार होते. हा भेद ज्याने ध्यानात घेतला त्याला पुढचे सर्व उपाय आपोआप उमगतील.

थोडा हिशेब मांडून पाहू. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या एन. सी. थिनरमध्ये बहुधा टोल्युइन असते. दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे टोल्युइन उडाले की त्याचे सव्वादोन लिटरांहून अधिक बाष्प होते. दहा फूट लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच अशा बंद खोलीत ते सारखे पसरले, तर हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे सुमारे ऐंशी भाग होतात. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने आठ तासांच्या कामासाठी सुचविलेली मर्यादा वीस भागांची आहे. आपल्याकडेही १९४८ च्या कारखाने अधिनियमाला १९८७ च्या दुरुस्तीने अशा मर्यादांचे परिशिष्ट जोडले गेले. परंतु तो कायदा कारखान्यासाठी होता, जेवणाच्या खोलीसाठी नव्हता. आयुष्य नियमांच्या सहवासात घालविलेल्या माझ्यासारख्या नोकरशहाला ही पोकळी विशेष जाणवते. कारखान्यातला कामगार संध्याकाळी घरी जाऊन मोकळा श्वास घेतो; येथे रंगविणाऱ्याची मुले आणि वृद्ध आईवडील रात्रभर त्याच हवेत झोपतात. शिवाय नाक हा भरवशाचा पहारेकरी नव्हे. काही मिनिटांत ते वासाला सरावते आणि हवा शुद्ध झाली असा भ्रम होतो. डोके जड होणे, मळमळ, घेरी ही लक्षणे दिसेपर्यंत पुष्कळ बाष्प पोटात नव्हे, रक्तात गेलेले असते.

चेन्नईच्या हवेने यात एक विशेष अडचण घातली आहे. दमट दिवशी लॅकरचा रंग फवारला, की द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प जमते आणि चकचकीत रंगावर पांढरट साय धरते. हे टाळण्यासाठी माणूस काय करतो? खिडक्या लावतो आणि वातानुकूलन यंत्र सुरू करतो. रंग उत्तम वठतो. पण घरात सामान्यतः असते ते यंत्र खोलीतीलच हवा पुनःपुन्हा फिरविते, ताजी हवा आत आणीत नाही. छताचा पंखाही हवा ढवळतो, बदलत नाही. माझे स्पष्ट मत असे, की ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मान्सूनच्या ओल्या दिवसांत लॅकर बाजूलाच ठेवावे. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग घ्यावेत, किंवा त्या काळात डबा जोडावा, घासावा, खिडक्यांच्या चौकटी कोराव्यात; काम काही कमी नसते. ॲक्रिलिक निर्धोक आहे असे मात्र समजू नये. त्याचेही कण फुप्फुसात जातातच.

खरा उपाय म्हणजे दूषित हवा जेथे उत्पन्न होते तेथूनच ओढून घराबाहेर टाकणे. तीन बाजूंनी बंद, समोरून उघडी अशी पेटी करावी, मागे कण अडविणारी गाळणी, तिच्यामागे पंखा आणि तेथून नळी खिडकीबाहेर. उघड्या तोंडाशी हवेचा वेग मिनिटाला सुमारे शंभर फूट असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. तोंड दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच असेल, तर मिनिटाला तीनशे घनफूट हवा ओढावी लागते. पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. गाळणी आणि नळी जोडली की तो पुष्कळ उतरतो. पात्यांच्या साध्या पंख्यापेक्षा पिंजऱ्यासारखे चक्र असलेला ब्लोअर हा अडथळा अधिक सोसतो. नळी सहा इंचांची, आखूड, सरळ आणि आतून गुळगुळीत असावी.

बाहेर टाकलेल्या हवेइतकी हवा आत आलीच पाहिजे, हे तर पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. मघाच्या खोलीत हजार घनफूट हवा मावते; हा पंखा तितकी हवा साडेतीन मिनिटांत बाहेर फेकू पाहील. दार बंद असेल तर तो नुसताच घरघरतो. म्हणून समोरचे दार किंवा खिडकी उघडी हवी, आणि रंगविणाऱ्याने त्या वाटेच्या मध्ये बसावे, म्हणजे ताजी हवा पाठीमागून येऊन पेटीत जाईल. दुपारी येथे समुद्रावरून पूर्वेचा वारा सुटतो; पूर्वेच्या खिडकीतून सोडलेली घाण तोच वारा पुन्हा घरात लोटतो. अशा घरी सकाळी काम करावे, किंवा नळीचे तोंड दुसऱ्या दिशेला न्यावे. शेजाऱ्याची खिडकी त्या तोंडासमोर नाही ना, हेही पाहावे. परीक्षेसाठी रंगाची एकही बाटली उघडण्यापूर्वी पेटलेली उदबत्ती तोंडाशी धरावी; धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे.

उदबत्तीवरून अग्नीची गोष्ट निघाली. टोल्युइनचे बाष्प सुमारे चार अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते, आणि चेन्नईत पारा इतका खाली कधीच येत नाही. मघाच्या हिशेबातले प्रमाण भडका उडण्याच्या मर्यादेच्या फारच खाली आहे, हे खरे. पण बाटली कलंडली म्हणजे तो हिशेब राहत नाही. हे बाष्प हवेहून तिपटीने जड असते. ते जमिनीलगत सरपटत जाते, आणि आपल्या घरात जमिनीलगत काय असते? देवापुढची समई. म्हणून काम चालू असता समई, निरांजन, गॅसची शेगडी सर्व विझलेले असावे, आणि पंख्याची मोटर बाष्पाच्या प्रवाहाबाहेर असावी.

मुखपट्टीबद्दल गैरसमज फार आहेत. कापडाची पट्टी जवळजवळ निरुपयोगी. एन-९५ कण अडविते, बाष्प नाही. बाष्पासाठी प्रक्रिया केलेल्या कोळशाच्या डब्या लावलेला मुखवटा लागतो. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे आणि दाढी असेल तर बसत नाही. तो कोळसाही कालांतराने भरून जातो. दोन भाग मिसळून वापरावयाच्या पॉलियुरेथेन रंगांतील आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो. ते रंग घरी फवारूच नयेत. शिशाविषयी २०१६ च्या नियमांनी घरगुती व शोभेच्या रंगांत दशलक्षात नव्वद भागांची मर्यादा घातली, पण औद्योगिक रंग त्या कक्षेत येत नाहीत; तेव्हा सुट्या डब्यातला स्वस्त पिवळा किंवा नारिंगी रंग घेताना डब्यावरील मजकूर वाचावा.

फवारा थांबला तरी बाष्प थांबत नाही. ओला डबा पेटीतच ठेवून पंखा निदान अर्धा तास चालू ठेवावा, आणि पुसलेल्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून तो डबा रात्री गॅलरीत ठेवावा.