घरचा ओला कचरा, घरचीच मेथी

कोलशेतला चाळी गेल्या, इमारती आल्या, अंगण राहिले नाही. म्हणून बागेचा विचार सोडण्याचे कारण नाही. सूर्यप्रकाश आणि काडीकचरा हेच खरे भांडवल, हे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून शिकविले. २००२ साली प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर बाग फुलविली. स्वयंपाकघरातील कचराच तिचे खत झाला.

आम्ही प्रथम भाजीची साले कुंडीत तशीच टाकली. दुर्गंधी सुटली, चिलटे झाली, शेजारी रागावले. कारण साधे आहे. ओल्या कचऱ्यात हवा खेळली नाही तर तो सडतो. हवा मिळाली तर त्याचे खत होते. म्हणून भोके पाडलेल्या बादलीत साले व त्यांच्या दुप्पट सुका पाचोळा थराथराने घालावा, आठवड्यातून दोनदा खालीवर करावा. दोन-तीन महिन्यांत मातीचा वास येणारे काळे खत तयार होते. दोन भाग माती, एक भाग खत घेऊन मेथी पेरावी. महिन्याभरात भाजी मिळते.

आमच्या मुलीने प्रत्येक दिवसाची नोंद वहीत ठेवली. चूक कुठे झाली, ते त्या वहीनेच आम्हाला दाखविले. विद्यार्थी मित्रांनो, एक कुंडी आणि एक वही, एवढ्यावर आरंभ करा.