हेक्टरी चार हजार

ज्यांनी 1995 ते 2000 या काळात पाणलोटाचं काम केलं, त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी एक आकडा सांगता येईल: हेक्टरी चार हजार. हनुमंत राव समितीच्या अहवालावरून केंद्राने 1994 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, 1 एप्रिल 1995 पासून त्या लागू झाल्या आणि सरकारी खात्यांच्या बरोबरीने स्वयंसेवी संस्थांनाही प्रकल्प राबवण्याचा हक्क मिळाला. तेव्हाच्या नगर जिल्ह्यात, सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमची संस्था होती. चार माणसं, एक मोटारसायकल आणि पावतीपुस्तकांची लोखंडी पेटी. पेटीची किल्ली माझ्याकडे असायची, कारण हिशेब मी लिहायचो.

हिशेब सोपा होता. 500 हेक्टरांचं पाणलोट, म्हणजे 20 लाख, चार वर्षांत. त्यातले 80 टक्के प्रत्यक्ष कामांना, 10 टक्के प्रशासनाला, 5 टक्के प्रशिक्षणाला आणि 5 टक्के लोकसंघटनाला. हे शेवटचे पाच टक्के म्हणजे एक लाख रुपये. 48 महिन्यांनी भागा: महिन्याला 2083. गावात मुक्काम करणारा कार्यकर्ता, त्याचा एसटीचा पास, रात्रीच्या बैठकीतला चहा, गॅसबत्तीचं भाडं, सगळं त्यात. आम्ही तेव्हा कुरकुर करायचो. पण कागदावर, सरकारी कागदावर, माणसं जोडण्याच्या कामाला स्वतःचा रकाना होता. त्या रकान्याचं पुढे काय झालं, ते सांगण्यासाठी हा मागोवा.

त्याआधी पैसा नव्हता असं नाही. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे या पुण्याच्या कारखानदार अभियंत्याने नायगावात देवस्थानची 16 हेक्टर माळरान जमीन खंडाने घेतली आणि ग्राम गौरव प्रतिष्ठान उभं केलं. त्यातून आलेल्या पाणी पंचायतीतला त्यांचा पाणीवाटपाचा नियम सगळ्यांना माहीत आहे: माणशी अर्धा एकर, उसाला पाणी नाही. पैशाचा नियम कमी सांगितला जातो. उपसा योजनेचे 20 टक्के शेतकऱ्यांनी आधी भरायचे, 50 टक्के सरकारी अनुदान, आणि उरलेले 30 टक्के प्रतिष्ठानचं बिनव्याजी कर्ज. लहान संस्थेने सरकार आणि शेतकरी यांच्या मधली फट स्वतःच्या पैशाने बुजवायची, हा तो नमुना. तो कारखानदाराला जमला. आमच्यासारख्यांच्या पेटीत बिनव्याजी द्यायला काय होतं?

आमच्यासारख्यांना दार उघडलं ते एका स्विस जेझुइट पाद्र्याने. फादर हर्मन बाखर 1948 मध्ये भारतात आले आणि नगर जिल्ह्यात आयुष्य घालवून बसले. त्यांच्या कल्पनेतून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम 1992 मध्ये सुरू झाला. पैसा जर्मन सरकारचा, वाटप नाबार्डकडून, आणि संस्थांना व गावांना शिकवायला 1993 मध्ये स्थापन झालेली ‘वॉटर’, म्हणजे वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट. यातली खरी गोम पैशाच्या क्रमात होती. आधी गावाने चार दिवस श्रमदान करून दाखवायचं. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी मान्य करायची. मग लहानशा तुकड्यावर शिकाऊ टप्पा, वर्ष-दीड वर्षाचा. तो निभावला तरच मोठा निधी, आणि तोही गावाच्या पाणलोट समितीच्या व संस्थेच्या संयुक्त खात्यात. अकुशल मजुरीतला साधारण 16 टक्के वाटा गावाने श्रमदानातून उचलायचा. भूमिहीनांना आणि एकट्या बाईच्या घराला त्यातून सूट.

त्या शिकाऊ टप्प्यात काय चालायचं? दोन बांबू वर एकत्र बांधायचे, मध्ये आडवी काठी, शेंड्यावरून सोडलेल्या दोरीला दगड. दोरी काठीवरच्या खुणेवर स्थिर झाली की दोन्ही पाय एका पातळीवर. तिथे फक्कीची खूण, मग एक पाय फिरवून पुढे. दिवसभर असं डोंगराच्या कुशीतून चालायचं की संध्याकाळी समतल चराची पांढरी रेघ दिसायची. मग एकेका गटावर नवरा-बायको दोघांना घेऊन बसायचं आणि विचारायचं, बांध कुठे घ्यायचा? नवरा धुऱ्याकडे बोट दाखवायचा. बायको म्हणायची, तिथे नको, पावसाळ्यात तिथूनच पाणी फुटतं. ती बरोबर असायची, कारण खुरपायला तीच जायची. एका गटाला अर्धा दिवस लागायचा. 200 गट असलेल्या गावात याचे किती दिवस होतात, ते कुठल्याही अंदाजपत्रकात आजवर नीट धरलेलं मी पाहिलं नाही. बाखर यांच्या कार्यक्रमात निदान त्या दिवसांसाठी थांबायची तयारी होती. त्याच कार्यक्रमातल्या, संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीचं नाव आज ठिकठिकाणी घेतलं जातं. तिथल्या डोंगराला हिरवळ यायला लागलेली वर्षं मात्र कोणी मोजत नाही.

2003 मध्ये केंद्राच्या पाणलोट सूचनांची नवी आवृत्ती, ‘हरियाली’, आली. आता प्रकल्प ग्रामपंचायतीने राबवायचा. 73व्या घटनादुरुस्तीनंतर हे व्हायलाच हवं होतं, तत्त्वाशी माझं भांडण नाही. पण दर हेक्टरी सहा हजार असताना कामांचा वाटा 85 टक्क्यांवर गेला आणि लोकसंघटन व प्रशिक्षण मिळून पाच टक्के उरले. आधी दोहोंना मिळून दहा होते. आमच्याकडचे दोन कार्यकर्ते त्या वर्षी पतसंस्थेत वसुलीला लागले. माणसं जोडायची सवय तिथेही उपयोगी पडते म्हणा.

केंद्राच्या पार्थसारथी समितीने 2006 मध्ये लोकसंघटनाला कात्री लावण्याची ही चूक ओळखली, 2008 च्या सामायिक सूचनांत संस्थांना पुन्हा जागा मिळाली आणि दर हेक्टरी बारा हजार झाला. पण प्रकल्पाचा आकारही 500 वरून 1000 ते 5000 हेक्टरांवर गेला. तेवढं ओझं उचलायला अभियंता, लेखापाल, संगणक, गाडी हवी. दोन खोल्यांच्या संस्थेने अर्जच केला नाही.

मग कंपन्या आल्या. 1 एप्रिल 2014 पासून कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला देणं बंधनकारक झालं आणि पाणी हा विषय त्यांना आवडला, कारण पाणी फोटोत दिसतं. राज्य सरकारचं जलयुक्त शिवार, 2016 मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झालेली वॉटर कप स्पर्धा, सगळीकडे उत्साह खराच होता. पण बराचसा पैसा पोकलेनच्या तासावर दिला गेला. आम्हाला एका कंपनीच्या अधिकाऱ्याने सांगितलं, पगाराची ओळ काढा, पाच टक्क्यांच्या वर व्यवस्थापन खर्च चालत नाही. नियमातली ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चावर आहे, संस्थेच्या नाही. मी कागद दाखवला. साहेबांनी चहा मागवला आणि ओळ काढली. मार्चअखेर ड्रोनचे फोटो हवे होते. मार्चमध्ये नाला कोरडाच असतो, हे त्यांना विचित्र वाटलं.

सप्टेंबर 2020 मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. मोठ्या संस्थेने आपल्याकडची परदेशी देणगी लहान संस्थेला द्यायची नाही, आणि प्रशासनाचा खर्च पन्नासाऐवजी वीस टक्क्यांच्या आत. पुण्या-मुंबईहून झिरपत येणारा तो शेवटचा झरा असा एका दुरुस्तीत आटला. 2021 मध्ये सुरू झालेल्या पाणलोटाच्या नव्या सरकारी टप्प्यात दर सपाट भागात हेक्टरी 22 हजारांपर्यंत गेला. आमच्या काळाच्या साडेपाच पट. आमची संस्था तो पाहायला राहिली नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर मी जुन्या गावाला गेलो होतो. चर निम्मे गाळाने भरलेत, एका माती नाला बांधाचा सांडवा खचलाय. समितीचे तेव्हाचे खजिनदार नाना आता सत्तरीपलीकडे आहेत. त्यांनी ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक काढलं. स्वतःच्या शेतातल्या कामासाठी साधारण दहा टक्के लोकवर्गणी भरायची आणि ती पुढच्या दुरुस्तीसाठी ठेवायची, असा 1994 च्या सूचनांचा नियम होता. ती रक्कम व्याजासकट तिथेच आहे. सांडवा दोनदा दुरुस्त होईल एवढी.

“काढत का नाही, नाना?”

“दोन सह्या लागतात,” नाना म्हणाले. “एक माझी. दुसरी तुमच्या संस्थेची.”