कार्यांची योग्य जोडणी आणि क्रांतिक मार्गाचा शोध

प्रस्तावना :
प्रकल्पाचे वेळापत्रक म्हणजे केवळ कार्ये व तारखा यांची यादी नव्हे. कोणते कार्य कोणत्या कार्यावर अवलंबून आहे, याची नोंद नसेल तर कोणत्या विलंबामुळे संपूर्ण प्रकल्प लांबेल हे सांगता येत नाही. या प्रश्नाचे उत्तर देणारी क्रांतिक मार्ग पद्धती (क्रिटिकल पाथ मेथड) ड्यूपॉन्ट कंपनीचे मॉर्गन वॉकर व रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी १९५७ च्या सुमारास अमेरिकेत विकसित केली.

संकल्पना :
परस्परावलंबी कार्यांच्या साखळ्यांपैकी सर्वाधिक कालावधीची साखळी म्हणजे क्रांतिक मार्ग होय. त्यावरील कार्य एक दिवस लांबले तर प्रकल्पही एक दिवस लांबतो. अन्य कार्यांना जो विलंब परवडतो, त्यास सवड म्हणतात.

उदाहरण :
काँक्रीटच्या सांगाड्याची एकमजली इमारत घेऊ. पाया व खांब २० दिवस, स्लॅब १२, वीटकाम १५, भिंतींतील विजेच्या नळ्या ५ आणि गिलावा १० दिवस. ही बेरीज ६२ होते. परंतु ४.५ मीटरहून अधिक गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू सामान्यतः किमान १४ दिवस ठेवावेत, असे आयएस ४५६ : २००० हे भारतीय मानक सांगते. टेकू काढल्यावरच वीटकाम करावयाचे असल्यास हा प्रतीक्षाकाळही जोडणीत धरावा लागतो. म्हणजेच प्रकल्पाचा खरा कालावधी ७६ दिवसांचा आहे.

दारे-खिडक्यांच्या चौकटी तयार होण्यास आरंभापासून ३० दिवस लागतात व त्या वीटकामात बसवावयाच्या असतात. वीटकाम ४६ दिवसांनंतर सुरू होते. म्हणून चौकटींची सवड १६ दिवसांची आहे. मात्र त्या वीटकामाशी जोडल्याच नाहीत, तर प्रकल्पाच्या अखेरीपर्यंतची ४६ दिवसांची सवड कागदावर दिसते. तिच्यावर विसंबून चौकटींचे काम २० दिवस उशिरा सुरू केल्यास वीटकाम ४ दिवस थांबते आणि प्रकल्प ८० दिवसांवर जातो. वेळापत्रक मात्र कोणतीही सूचना देत नाही.

जोडणीचे निकष :
१) पहिले कार्य वगळता प्रत्येकास पूर्ववर्ती व शेवटचे वगळता प्रत्येकास अनुवर्ती कार्य असावे.
२) तारखा हाताने पक्क्या करू नयेत. तसे केल्यास आधीच्या कार्याचा विलंब पुढे पोहोचत नाही.
३) काँक्रीट पक्के होण्यासारखा प्रतीक्षाकाळ जोडणीतच दर्शवावा.
४) पडताळणीसाठी क्रांतिक मार्गावरील एखाद्या कार्याचा कालावधी वाढवून पाहावा. अखेरची तारीख तितकीच पुढे सरकली नाही, तर जोडणीत दोष आहे असे समजावे.

निष्कर्ष :
संगणक क्रांतिक मार्गाची आकडेमोड क्षणात करतो. परंतु कार्यांमधील अवलंबित्व तो स्वतः ओळखत नाही. ते ज्ञान प्रत्यक्ष काम करणाऱ्या गवंडी, सुतार व वीजतंत्री यांच्याकडे असते. म्हणून जोडणी त्यांच्याशी चर्चा करून ठरविणे, ही या पद्धतीची पहिली पायरी ठरते.