बांधकामाचे कायदे आणि गावाचा आवाज

धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील येरमाळा हे गाव येडेश्वरी देवीच्या स्थानामुळे सर्वदूर परिचित आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत देवीची पालखी निघते तेव्हा हजारो भाविक रानातून चुनखडीचे खडे वेचतात. सिमेंटचा प्रसार होण्यापूर्वी भिंत उभी राहत असे ती चुन्याच्याच बळावर. त्यामुळे या सोहळ्यात श्रद्धेबरोबर बांधकामाची एक जुनी आठवणही टिकून आहे.

आज याच गावाजवळून सोलापूर, धाराशिव, बीड व छत्रपती संभाजीनगर यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ जातो, आणि बार्शीहून कळंबकडे जाणारा रस्ता त्यास येथेच मिळतो. अशा चौफुलीच्या गावी बांधकाम सहसा थांबत नाही. दुकानांचे गाळे, घरकुले, शाळाखोल्या, गटारे, पूल असे काही ना काही चालूच असते. या प्रत्येक कामामागे एक ना एक कायदा उभा असतो. तो कायदा कोणाच्या सांगण्यावरून, कसा घडतो, हे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि कर्मचारी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

कायदा कोणाच्या अखत्यारीत?

संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार जमीन आणि राज्याच्या मालकीच्या इमारती हे विषय राज्यसूचीत येतात. करार व कामगार कल्याण हे समवर्ती सूचीत येतात. साहजिकच बांधकाम व्यवसायाचा संबंध विधिमंडळाशी पदोपदी येतो. इमारतीचा आराखडा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालील नियमावलीने ठरतो. अकृषिक वापर जमीन महसूल संहितेने, तर मुरूम, वाळू व खडी यांचे स्वामित्वधन गौण खनिजांच्या नियमांनी ठरते. यांतील एका कलमात बदल झाला, तरी त्याचे परिणाम मुंबईच्या विकासकापासून गावच्या गवंड्यापर्यंत पोहोचतात.

उद्योगाने मांडलेली बाजू

या व्यवसायातील मोठ्या घटकांनी आपले म्हणणे संघटितपणे मांडण्याची आवश्यकता फार पूर्वीच ओळखली. ठेकेदारांची बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९४१ पासून कार्यरत आहे; विकासकांच्या क्रेडाई या संघटनेची स्थापना १९९९ मध्ये झाली. देयके वेळेवर मिळावीत, साहित्याचे भाव वाढल्यास करारात त्याची भरपाई असावी, परवानग्या लवकर मिळाव्यात, कर व अधिमूल्य कमी व्हावे, हे अशा संघटनांच्या मागण्यांचे नेहमीचे विषय होत.

परंतु शासनास दुसरी बाजूही पाहावी लागते. घरांच्या टंचाईमुळे सदनिकांच्या व्यवहारांत गैरप्रकार वाढल्याचे दिसून आल्यावर राज्य शासनाने २० मे १९६० रोजी एक समिती नेमली. तिने जून १९६१ मध्ये अहवाल दिला. त्यातून महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबत १९६३ चा अधिनियम अस्तित्वात आला. ग्राहकाच्या पैशाचा स्वतंत्र हिशेब ठेवणे आणि नोंदणीकृत करार करणे ही बंधने त्याने प्रवर्तकावर घातली. पुढे राज्याने २०१२ चा गृहनिर्माण अधिनियम संमत केला. तथापि संसदेच्या २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने तो निरसित झाला. या केंद्रीय कायद्याचा प्रवासही बोधप्रद आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी, अशी मूळ तरतूद होती. मध्यंतरी ती ५० टक्क्यांवर आणण्याचे ठरले. त्यावर आक्षेप आले आणि अखेरीस ७० टक्केच कायम झाले. आग्रह धरणारे दोन्ही बाजूंना असले, म्हणजे कायद्याचा तोल राहतो, हे यावरून दिसते.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. करोनाच्या साथीत मंदावलेल्या गृहनिर्माणास चालना देण्यासाठी राज्य शासनाने २०२० मध्ये मुद्रांक शुल्क काही काळ कमी केले. जानेवारी २०२१ मध्ये श्री. दीपक पारेख समितीच्या शिफारशीनुसार बांधकाम अधिमूल्यात त्या वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सवलत दिली. मात्र ही सवलत घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क स्वतः भरावे, अशी अट घातली. उद्योगाची मागणी मान्य करताना तिच्यातील वाटा सामान्य माणसास कसा देता येतो, याचा हा नमुना होय.

कामगारांनी काढलेली वाट

बांधकाम म्हणजे केवळ विकासक आणि ठेकेदार नव्हेत. गवंडी, सुतार, सेंट्रिंग करणारे, विटा वाहणारे स्त्री-पुरुष हेही त्याचे घटक आहेत. १९८५ मध्ये त्यांच्यासाठी केंद्रीय कायदा व्हावा म्हणून राष्ट्रीय मोहीम समिती स्थापन झाली. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर तिचे अध्यक्ष होते. १९८६ मध्ये लक्षावधी सह्यांचा विनंती अर्ज संसदेस सादर झाला. दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर १९९६ मध्ये बांधकाम कामगारांचा कायदा व कल्याण उपकराचा कायदा असे दोन अधिनियम झाले. महाराष्ट्राने त्याखालील नियम २००७ मध्ये केले आणि कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये स्थापन केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे नव्या कामगार संहितांत समाविष्ट झाले आहेत. तथापि बांधकाम खर्चावर उपकर, कामगाराची नोंदणी आणि बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम केल्याची अट हा गाभा कायम आहे.

प्रश्न गावातील आहे

गावात शाळाखोली बांधली गेली, तर ठेकेदाराच्या देयकातून एक टक्का उपकर कापला जातो. दहा लक्ष रुपयांच्या कामावर ही रक्कम दहा हजार रुपये होते. ती मंडळाच्या निधीत जमा होते. परंतु त्या खोलीची भिंत रचणाऱ्या गवंड्याची नोंदणीच झालेली नसेल, तर मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाचे किंवा अपघाताचे साहाय्य यांतील काहीही त्याच्या हाती येत नाही. त्याच्या श्रमावर उभा राहिलेला पैसा त्याच्यापासूनच दूर राहतो.

यात अडचण असते ती ९० दिवसांच्या दाखल्याची. आज एका ठेकेदाराकडे, उद्या दुसऱ्याकडे जाणाऱ्या मजुरास दाखला कोण देणार? ग्रामीण भागात ग्रामसेवकाने तो द्यावा, अशी पद्धत राज्यात पडली. पण जे काम आपण पाहिले नाही त्याचा दाखला कसा द्यावा, हा कर्मचाऱ्याचा प्रश्नही रास्त आहे. दाखला सैलपणे दिला, तर बोगस नोंदी वाढतात. हात आखडला, तर खरा कामगार वंचित राहतो. यावर ग्रामपंचायतीस एक साधा उपाय करता येईल. हद्दीतील प्रत्येक बांधकामाचे नाव, कालावधी आणि कामावरील माणसे यांची नोंदवही ठेवावी. मग दाखल्यास कागदाचा आधार मिळेल.

म्हणणे मांडण्याचे मार्ग

अशा अनुभवातूनच नियमांत सुधारणा होऊ शकते; मात्र तो अनुभव योग्य ठिकाणी पोहोचला पाहिजे. त्याचे मार्ग सर्वांना खुले आहेत. नियमांचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविल्या जातात. विहित मुदतीत कोणीही नागरिक त्या पाठवू शकतो. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीचा मसुदाही २०१९ मध्ये असाच प्रसिद्ध झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये ती मंजूर झाली. विधानमंडळ सदस्यामार्फत तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना देता येते. विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे विहित रीतीने अर्ज करता येतो. पंचायती राज समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर येते तेव्हा तिच्यापुढेही वस्तुस्थिती ठेवता येते. विधानपरिषदेच्या ७८ जागांपैकी २२ स्थानिक प्राधिकाऱ्यांच्या, तर ७ शिक्षकांच्या मतदारसंघांतून भरल्या जातात, हेही येथे लक्षात घ्यावे.

निवेदन आणि वशिला यांत मोठा फरक आहे. निवेदन लेखी असते, ते सही करून दिलेले असते, आणि विरुद्ध बाजूस त्याचे उत्तर देण्याची संधी असते. वशिल्यात यांपैकी काहीच नसते. निवेदनात कोणते कलम अडचणीचे आहे, त्याने कोणाचे काय नुकसान होते आणि त्याऐवजी कोणते शब्द हवेत, एवढे स्पष्ट असावे. सोबत ग्रामसभेचा ठराव व नोंदवहीतील आकडे जोडले, तर त्याचे वजन वाढते.

मोठ्या उद्योगाने आपली बाजू मांडावी, हे लोकशाहीस धरूनच आहे. पण कायदा करणाऱ्यांच्या कानी एकच बाजू पडली, तर तो दोष बोलणाऱ्यांचा नसून गप्प बसणाऱ्यांचा ठरतो. गावच्या गवंड्यास राजपत्र वाचावयास सवड नसते. ते वाचून त्यास सांगणे आणि त्याचे म्हणणे कागदावर उतरवणे, हे काम गावातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व कर्मचारी यांना सहज करता येण्यासारखे आहे. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत बांधकाम कामगारांच्या नोंदणीचा विषय घेऊन त्याचा प्रारंभ करता येईल.