मागचं चाक थयथयाट करतं तेव्हा

अमेरिकेतल्या पारंपरिक ड्रॅग शर्यतीत पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, सरळ धावायचं असतं. सुटताना इंजिनाचा सगळा जोर मागच्या अ‍ॅक्सलला पिळतो. जुन्या गाड्यांतले स्प्रिंगचे पाटे या पिळाने नागमोडी वाकतात, टायरची पकड सुटते, पाटे झटक्यात सरळ होतात आणि टायर पुन्हा रस्ता पकडतो. हेच चक्र सेकंदात अनेकदा फिरलं की चाक नाचू लागतं. वेळ जातो तो जातोच, पण अ‍ॅक्सल किंवा युनिव्हर्सल जॉइंट तुटला तर खिसाही रिकामा होतो.

शेवरलेची १९६७ची कॅमारो गाडी एकाच पाट्याच्या स्प्रिंगमुळे अशा नाचण्यासाठी बदनाम होती. पुढच्या वर्षी कंपनीने उपाय म्हणून मागचा एक शॉक अ‍ॅब्सॉर्बर अ‍ॅक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवला.

घरच्या घरी यावर उपाय करायचा तर आधी झिजलेले रबरी बुश आणि गळके शॉक बदलावेत. जादा सुटे भाग घेण्याची घाई नंतर. एकाहून जास्त पाटे असतील तर अ‍ॅक्सलच्या पुढच्या भागातले क्लॅम्पने घट्ट आवळावेत, मागचे मोकळे ठेवावेत. खर्च नगण्य, गुण मोठा. क्रायस्लरच्या गाड्यांत डिफरन्शियलच्या नाकावर रबरी ठोकळा असे. तो गाडीच्या तळाच्या जवळ आणला की नाक वर उचललं जात नाही.

शर्यतीपुरती टायरमधली हवा थोडी कमी करून पाहणं तर फुकटच. मात्र घरी परतण्याआधी ती पुन्हा भरावी.